नव्या घराची भिंत, जुनी तसबीर आणि मुंबईचा पावसाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीला नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावर घर घेतलंय आणि हॉलमधली सोफ्यामागची दहा फुटी भिंत मोकळी आहे. ऑनलाइन पाहिलेला पाच तुकड्यांचा कॅनव्हासचा सेट मनात भरलाय. पण घरात आजेसासऱ्यांचा जुना फोटो, आईने मॅटीवर भरलेला मोर, डहाणूहून आणलेलं वारली चित्र आणि माहेरची लक्ष्मीची तसबीर, अशा चार गोष्टी पडून आहेत. काय लावावं, कसं लावावं आणि पैसे कशावर घालावेत?

गिरगावात आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आणि हे काम करतोय त्याला तेहेतीस वर्षं झाली. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पैसे फ्रेमच्या पाठीवर घाला. गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला अर्धा तास पट्टी निवडण्यात घालवतं, सोनेरी की काळी, रुंद की बारीक. मागे काय लावणार, हे शंभरातला एखादाच विचारतो. आणि मुंबईत चित्र मरतं ते मागूनच.

गेल्या आठवड्यात एक जुनी फ्रेम दुरुस्तीला आली. साठच्या दशकातला लग्नाचा फोटो. पुढून सोनेरी पट्टी अजून झळझळीत. उलटी केली तर खाकी कागद जागोजागी कुरतडलेला, कसरीने त्याची जाळी केलेली. खिळ्याला पक्कड लावली तर गंजलेलं डोकं पक्कडीत आलं आणि खिळा लाकडातच राहिला. आतला पुठ्ठा बिस्किटासारखा तुटत होता, आणि त्याचा तपकिरी रंग फोटोच्या पाठीत उतरला होता. सर्वांत वाईट म्हणजे नवरीच्या शालूवर रुपयाएवढा भाग काचेला चिकटलेला. तिथे हात लावायची सोय नव्हती. फ्रेम करणाऱ्याने तेव्हा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची खिडकी, घातला असता, तर काच आणि फोटो यांच्यात दोन मिलिमीटरची फट राहिली असती आणि तो शालू आज शाबूत असता.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे दुकानदाराला काय विचारायचं ते आपोआप कळेल. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. ओलाव्याने तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला सरसासारखा धरतो. साधा पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने आम्लात बदलत जातं आणि शेजारचा कागद जाळतं. शिवाय बुरशीला हवेत ६५-७० टक्के आर्द्रता पुरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ती ८० च्या वर असते. तेव्हा मुंबईतल्या फ्रेमचं पहिलं काम म्हणजे आतल्या कागदाला कोरडं घर देणं.

ते घर असं बांधायचं. पुढे काच. तिच्यामागे माउंट, तो अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, हवा. साधा माउंट चार-पाच वर्षांत कापलेल्या काठाशी पिवळा पडतो आणि चित्रावर तशीच रेघ उमटवतो. चित्र माउंटला चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या लावून ते नुसतं टांगायचं, आणि त्यासाठी गव्हाच्या पिठीची खळ वापरायची. पावसाळ्यात कागद पसरतो, थंडीत आकसतो, त्याला हलायला जागा लागते. चारही बाजू धरल्या की मधे लाटा उठतात. खळ पुढे कधीही पाण्याच्या हलक्या हाताने सुटते. सेलोटेप सुटत नाही, तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग होतो. मी शिकाऊ असताना एका जलरंगाच्या चित्राला मागून अशी टेप लावली होती. सात वर्षांनी ते चित्र परत आलं तेव्हा वरच्या आकाशातून दोन तपकिरी चौकोन डोकावत होते. त्या गृहस्थांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण त्या दिवसापासून दुकानात सेलोटेप फक्त पार्सलांना लागते.

चित्रामागे पुन्हा अॅसिड-फ्री कागद, आणि त्यामागे सनबोर्ड. हार्डबोर्ड स्वस्त असतो, पण तो ओल पितो आणि फुगून बाहेरच्या बाजूला पोट काढतो. सनबोर्ड प्लास्टिकचा असल्याने पाणी घेत नाही. कडा कागदी टेपने बंद करायच्या, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. शेवटी खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे. बुचामुळे फ्रेम भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर सुटी राहते आणि मागून हवा खेळते. या बुचांना जवळपास काहीच खर्च येत नाही, तरी दहातल्या आठ फ्रेमांना ती नसतात. काही जण आत सिलिका जेलच्या पुड्या किंवा डांबरगोळ्या ठेवायला सांगतात. आमच्या हवेत सिलिका जेल आठवडाभरात भरून जातं, मग ती पुडी म्हणजे आत ठेवलेला ओला बोळा. डांबरगोळ्यांची वाफ रंगांना बरी नाही. दोन्ही नको.

आता पट्टी. मला स्वतःला सागवान आवडतं. रंधा मारल्यावरचा त्याचा वास अजून सकाळी दुकानात शिरताना येतो. पण बोरिवलीच्या फ्लॅटसाठी, आणि बजेट आटोपशीर असेल तर, मी सिंथेटिक पट्टी सुचवेन. ती पाणी पीत नाही, तिला वाळवी लागत नाही आणि कोपरे उघडत नाहीत. अॅल्युमिनियमही चांगलं, विशेषतः फोटोंना. पाईन चालेल, पण नीट वाळवलेलं आणि मागूनही पॉलिश केलेलं हवं. एमडीएफची पट्टी मात्र नको. वरचा कागद कोपऱ्यात सुटला की आतला भुसा फुगतो, आणि फुगलेला एमडीएफ परत बसत नाही.

हिशेब कसा होतो तेही सांगतो, म्हणजे कोणी तुम्हाला गोंधळात टाकणार नाही. पट्टी रनिंग फुटावर, काच चौरस फुटावर. समजा चित्र १८ बाय २४ इंच आणि माउंट चारही बाजूंनी ३ इंच. मग फ्रेमचं आतलं माप झालं २४ बाय ३० इंच. घेर १०८ इंच, म्हणजे ९ फूट. कोपरे ४५ अंशांत कापताना वाया जातं ते पट्टीच्या रुंदीच्या आठपट धरतात. दीड इंची पट्टी असेल तर १२ इंच, म्हणजे आणखी एक फूट. एकूण १० फूट पट्टी आणि ५ चौरस फूट काच. पट्टीचा भाव फुटामागे थोडा कमी केलात, तर अॅसिड-फ्री माउंटचा जास्तीचा खर्च बहुधा त्यातूनच निघतो.

पाच तुकड्यांच्या सेटबद्दल. एकच चित्र पाच कॅनव्हासांवर फोडून लावायची ही पद्धत मला मनापासून पटत नाही. पाचांपैकी एक जरी पाव इंच खाली गेला तरी क्षितिज मोडतं आणि नजर तिथेच अडकते. तरीही तो आवडलाच असेल, तर घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. आतली चौकट पाईनची आहे की एमडीएफची, आणि छपाई पिगमेंट शाईची (रंगाचे बारीक कण असलेली) आहे की डायची (विरघळलेल्या रंगाची). डाय शाई उन्हात लवकर उडते. चाळींच्या जिन्यात वर्षानुवर्षं टांगलेली कॅलेंडरं आठवा, सगळे देव निळसर झालेले असतात. लाल आणि पिवळा आधी जातो, निळा मागे उरतो. तुमच्या छापील समुद्राचंही तेच होईल. आणि कॅनव्हासची मागची बाजू उघडी असते, तिथे पाल हमखास घर करते.

माझं मत विचाराल, तर त्या घरच्या गोष्टीच पुरेत. एकेक घेऊ.

आजेसासऱ्यांचा फोटो सर्वांत आधी, कारण तो सर्वांत नाजूक आहे. मूळ फोटो लावूच नका. तो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या, चांगल्या मॅट कागदावर पिगमेंट प्रिंट काढा आणि ती प्रिंट फ्रेम करा. मूळ फोटो अॅसिड-फ्री पाकिटात घालून कोरड्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कप्प्यात ठेवा. स्कॅनची फाईल व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ती आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राईव्ह घेऊन जा. १२ बाय १८ इंचांच्या स्वच्छ प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. फोटो सध्याच्या फ्रेममध्ये काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, पाती घालू नका, केस सुकवायचं यंत्र तर अजिबात नको. काचेवरूनच स्कॅन करा.

हे मी अनुभवाने सांगतोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरचे दोन महिने आमच्या दुकानात दुसरं काम नव्हतं. कुर्ला, कलिना, सायन अशा भागांतून लोक पिशव्यांतून फ्रेमा घेऊन यायचे. ज्यांनी फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवले, त्यांचे काचेपासून अलगद सुटले आणि वाचले. ज्यांनी काळजीपोटी, चांगल्या हेतूने, फ्रेमसकट पंख्याखाली वाळवले, त्यांचे कायमचे चिकटले. एक आजोबा पत्नीचा एकुलता एक फोटो घेऊन आले होते. तो असाच वाळलेला. काचेसकट छायाचित्रकाराकडे नेऊन त्यावरून नवी प्रत करवून दिली, पण चिकटलेल्या गालावरची चकाकी त्या प्रतीतही राहिली.

लक्ष्मीच्या तसबिरीला हात लावायच्या आधी भिंग घेऊन बसा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. तुमची तसबीर त्यांतली असू शकते. भिंगातून चेहऱ्यावरचा रंग पाहा. आजच्या छपाईत ठिपके ओळीने, फुलांच्या नक्षीसारखे सारखे बसलेले दिसतात. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात ठिपके अनियमित, वाळू भुरभुरल्यासारखे असतात. खालच्या पांढऱ्या कडेवर छापखान्याचं नाव असतं, आणि ते फ्रेमच्या पट्टीखाली लपलेलंही असू शकतं. जुने फ्रेमवाले ती कड सर्रास कापायचे. तुमच्याकडे शिल्लक असेल तर कोणालाही कापू देऊ नका, माउंटची खिडकी मोठी ठेवून ती दिसू द्या. काहींवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. तशी असेल तर काच आणि चित्रात जास्त अंतर लागेल, त्यासाठी आतून काठी घालतात. मूळ फ्रेम भक्कम असेल तर तीच ठेवा, आतलं फक्त बदला. कागद फाटला असेल किंवा बुरशी चढली असेल, तर ते काम माझ्यासारख्या फ्रेमवाल्याचं नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारणा करा.

वारली चित्र कापडावर आहे की कागदावर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डहाणू-तलासरीकडचे कलाकार बरेचदा कापडावर शेण किंवा गेरूचा हात देऊन त्यावर पांढऱ्याने काढतात. मुळात हे चित्र झोपडीच्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढत. मधल्या चौकात पालघाट ही वारल्यांची मातृदेवी असते. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागद-कापडावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुद्दा असा की शेणाचा तो थर सुटा असतो. गुंडाळी केली की तडकतो, ओल्या फडक्याने पुसला की निघतो. म्हणून काच हवी आणि काचेपासून अंतरही हवं. इथे अॅक्रिलिक लावू नका. ते काचेच्या निम्म्या वजनाचं आणि न फुटणारं असतं, मुलांच्या खोलीत मी तेच सुचवतो, पण पुसताना त्यात स्थिर वीज येते आणि ते सुटे कण ओढून घेतं. पट्टी साधी, गडद तपकिरी, नक्षी नसलेली. त्या बारीक रेघांशेजारी सोनेरी वेलबुट्टी फार ओरडते.

आईचा मोर. भरतकाम कधीही चिकटवायचं नाही. पांढरा गोंद कापडातून वर येतो आणि दोन-तीन वर्षांत डाग पडतात. बोर्डावर धुतलेलं सुती कापड ताणून, त्यावर मॅटी कडेने बारीक टाक्यांनी शिवून घ्यायची. आमच्या दुकानात हे काम शेजारच्या एक काकू करतात. टाके मॅटीच्या विणीतूनच घेतात, त्यामुळे पुढून एकही दिसत नाही. काच कापडाला टेकता कामा नये. टेकली तर पावसाळ्यात आत बाष्प धरतं आणि लाल धाग्याचा रंग फुटतो.

भिंतीकडे वळू. नव्या उंच इमारतींत अनेकदा भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. तिथे साधा खिळा वाकतो, हॅमर ड्रिलच लागतं. आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, असतील तर उलटं, खिळा लोण्यात गेल्यासारखा जातो आणि तसाच बाहेर येतो. तिथे लांब गिट्टी (भोकात बसवायचा प्लास्टिकचा खुंट) आणि स्क्रू. वर जिप्समचा थर असेल तर स्क्रूने त्याच्या पलीकडची भिंत धरली पाहिजे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते. वजनाचा अंदाज हवा असेल तर २ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो भरते. वर हिशेब केलेल्या फ्रेमची काच सव्वादोन किलोच्या आसपास, पट्टी-पाठ धरून चारेक किलो. याला एका खिळ्यावर दोरी नको, फ्रेमच्या पाठीला दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन स्क्रू लावा. फ्रेम तिरकीही होत नाही. चिकटपट्ट्यांवर मी एवढं वजन सोपवणार नाही, पावसाळ्यात रंगासकट पोपडा घेऊन येतात.

सोफ्यामागची भिंत बाहेरची आहे का, हे आधी तपासा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सर्वाधिक मार खातात. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेप लावून दोन दिवस ठेवा. मागच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. नवं बांधकाम पूर्ण सुकायलाही वेळ लागतो. बाहेरची भिंत असेल तर पहिला पावसाळा जाऊ द्या, तोवर तिथे फक्त आजेसासऱ्यांची प्रिंट लावा, ती पुन्हा काढता येते. लक्ष्मी आणि मोर आतल्या भिंतीवर. स्प्लिट एसीच्या खाली काहीच नको, आणि गॅसच्या आसपास तर नाहीच, ओशट थर काचेवर बसतो तसा फटीतून आतही जातो.

ऊन हा दुसरा शत्रू. साधी काच अतिनील किरणांतला मोठा भाग आत सोडते. संग्रहालयांत कागद आणि कापडावर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात, थेट उन्हात तो लाखावर जाऊ शकतो. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी चार वाजता एकदा घरात उभे राहा आणि ऊन भिंतीवर कुठवर चढतं तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणेच्या आत मोर आणि वारली नको.

उंचीत बहुतेक घरं चुकतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांशी. सोफ्यावर असेल तर पाठीपासून ६ ते ८ इंच वर फ्रेमचा तळ. आपण वर लावतो ती जुन्या घरांची सवय. बारा फुटी छत असायचं, फोटो छताजवळ दोरीने पुढे झुकवून टांगलेले, खाली सतरंजीवर बसलेल्यांना दिसावेत म्हणून. साडेनऊ फुटी छताखाली तेच केलं की मान दुखते. आणि दहा फुटी भिंत आहे म्हणून दहा फूट भरायची नाही. सोफा सहा फुटी असेल तर सगळ्या फ्रेमांची मिळून रुंदी चार फुटांच्या आसपास पुरते. वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे कागद कापा, मास्किंग टेपने लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. जाता-येता कुठला कागद खुपतो ते कळतं. मी वारली मधे आणि मोठं ठेवेन, फोटो त्याच्या डावीकडे. लक्ष्मी या घोळक्यात नको, तिला दारासमोर किंवा देवघराजवळ स्वतंत्र जागा द्या.

पुसताना पाणी काचेवर उडवू नका, फडक्यावर घ्या. काचेवरून ओघळलेला थेंब खालच्या पट्टीत उतरतो आणि माउंट पितो. दिवाळीच्या सफाईत वर्षातून एकदा प्रत्येक फ्रेम उतरवा, पाठ पाहा, टेप सुटली असेल तर लावून घ्या.

आणि फ्रेम बंद करायच्या आधी दुकानात थांबा. आतल्या अॅसिड-फ्री कागदावर मऊ पेन्सिलने लिहा, पेनाने नाही. फोटोत कोण, कुठल्या गावचे, फोटो साधारण कधीचा. मोरामागे आईचं नाव आणि तिने तो कुठल्या घरात बसून भरला ते. दर महिन्याला माझ्याकडे असे फोटो येतात ज्यांतल्या माणसांना आणणाराही ओळखत नाही. तुमच्या घरात अजून सांगणारं कोणीतरी असेल, त्यांना सोबत घेऊन या.